आधी टाकी बघायला हवी होती

खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या टाकीत तीन ठिकाणचं पाणी पडतं. महापालिकेचं, सोसायटीच्या बोअरचं आणि उन्हाळा लागला की टँकरचं. कुठल्या दिवशी कुठलं किती, हे पंप चालवणाऱ्या माणसाखेरीज कुणाला ठाऊक नसतं. डिशवॉशर घेताना मी आवाजाचे डेसिबल पाहिले, तिसरा ट्रे पाहिला, वॉरंटीची वर्षं मोजली. टाकीत काय पडतं ते विचारलं नाही. पुढे जे बिघडलं त्यातलं बरंचसं या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे बिघडलं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्याला जडपणा कशाने येतो आणि तो कसा काढतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यामुळे ही चूक मला फार लागली. आमच्या भागात हे यंत्र घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

2020च्या टाळेबंदीत कामाच्या मावशी येऊ शकत नव्हत्या, तेव्हा पुण्यातल्या अनेक घरांत डिशवॉशरचा विषय पहिल्यांदा निघाला. आमच्याकडे तो निघाला आणि मागे पडला. नंतर सासूबाईंचं मनगट दुखायला लागलं, माझं कॉलेज सकाळचं झालं, आणि एका दिवाळीच्या सवलतीत आम्ही यंत्र घेऊन टाकलं. दुकानात ‘चौदा प्लेस सेटिंग’ असं ऐकलं आणि मी समजले की चौदा माणसांची भांडी एका खेपेत होतील. हे माप युरोपातल्या जेवणाचं आहे. सपाट ताटली, सूपची खोलगट बशी, कप, ग्लास, काटे-चमचे असा एक संच, तसे चौदा. त्यात कुकर नाही, कढई नाही, कणीक मळायची परात नाही, आमटीचं पातेलं नाही. आमच्या घरात चार माणसं जेवतात. ताटं-वाट्या खालच्या ट्रेच्या कोपऱ्यात मावतात आणि जागा खातात ती स्वयंपाकाची भांडी. मी पाहायला हव्या होत्या त्या दोनच गोष्टी, की ट्रेमधले ताटल्यांचे दांडे आडवे पाडता येतात का आणि वरचा ट्रे उचलून घेता येतो का. सुदैवाने आमच्या यंत्रात अर्धे दांडे पडतात. पूर्ण पडणारं मॉडेल त्याच दुकानात शेजारी उभं होतं, आणि ते मी नाकारलं ते त्याला वायफाय नव्हतं म्हणून. आता कुणी विचारलं तर मी सांगते की घरातला सगळ्यात मोठा कुकर आणि रोजची कढई पिशवीत घालून दुकानात न्या, ट्रेमध्ये ठेवून बघा आणि पाणी फवारणारा वरचा फिरणारा पंखा त्यांना अडतो का ते हाताने फिरवून पाहा. दुकानदार नाही म्हणत नाही.

जागेचा प्रश्न आमच्याकडे सोपा होता. ड्राय बाल्कनीत नळ होता, सांडपाण्याचं तोंड होतं आणि वॉशिंग मशिनसाठी घेतलेला 16 अँपिअरचा प्लग होता. पाणी तापवताना हे यंत्र साधारण दोन किलोवॉट ओढतं, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्डवर ते चालवू नये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा दाबही बघावा. टाकी नळाच्या फक्त तीन मीटर वर असेल तर मिळणारा दाब 0.3 बार, आणि बऱ्याच यंत्रांना त्याहून जास्त लागतो.

आता पाण्याकडे येते. खराडी, चंदननगर, वडगाव शेरी हा शहराचा पूर्वेकडचा भाग पाण्यासाठी फार वर्षं ताटकळला. खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणाचं पाणी 2021च्या सुरुवातीला इकडे आलं तेव्हा लोकांनी खरोखर सुटकेचा श्वास घेतला. धरणाचं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस, ते मऊ असतं. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. टँकर बहुतेक वेळा कुठल्या तरी विहिरीवर नाहीतर बोअरवर भरलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर 600पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही काचेच्या ग्लासावर पांढरी साय धरेल इतकं जड असू शकतं.

डिशवॉशरच्या पोटात यावर उपाय असतो. पाणी आत येताना रेझिनच्या बारीक मण्यांमधून जातं. मण्यांना सोडियम चिकटलेलं असतं, ते सुटून पाण्यात जातं आणि त्याच्या जागी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांवर बसतं. काही खेपांनी मणी भरतात. मग यंत्र तळाच्या कप्प्यातलं मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरवतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गटारात सोडतं आणि मण्यांना पुन्हा सोडियम मिळतं. हे किती वेळा करायचं, ते आपण लावलेल्या आकड्यावर ठरतं. आकडा पाण्याच्या जडपणाप्रमाणे लावायचा असतो.

यंत्र बसवायला आलेल्या मुलाने मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, पाणी कुठलं?” मी म्हणाले, “कॉर्पोरेशनचं.” पाण्याच्या बिलात तसंच होतं. त्याने आकडा खालचा लावला आणि तो गेला. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत ग्लास असे निघत की सासूबाई ते उजेडात धरून दाखवायच्या. मार्चमध्ये त्यांच्यावर पांढुरका थर यायला लागला. स्टीलच्या ताटांवर थेंबांचे डाग राहू लागले, चमचे खरखरीत लागू लागले. मला वाटलं, पावडर कमी पडते आहे. मी पावडर वाढवली. मग गोळ्या आणल्या, ज्यांच्या पाकिटावर मीठ आणि चकाकीचं द्रावण आतच असल्याचं लिहिलेलं असतं. मिठाचा दिवा लागला होता, तो मी त्या गोळ्यांच्या भरवशावर तसाच जळू दिला. अशा गोळ्यांचा मीठ वाचवण्याचा गुण साधारण 21 जर्मन अंशांच्या जडपणापर्यंतच्या पाण्यात चालतो, म्हणजे लिटरमागे पावणेचारशे मिलिग्रॅमपर्यंत. हे माहितीपुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक माझ्या कपाटात होतं.

याच काळात आरओचं फिल्टर बदलायला आलेल्या माणसाकडून मी टीडीएस मोजून घेतला आणि आकडा फार नाही असं पाहून निर्धास्त झाले. टीडीएसमध्ये पाण्यात विरघळलेलं सगळंच येतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते मीटर सांगत नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने ही गल्लत केली असती तर मी त्याचे गुण कापले असते.

शेवटी मी ते केलं जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. ड्राय बाल्कनीच्या नळाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. 50 मिलिलिटर पाणी, त्यात अमोनियाचं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी द्राक्षाच्या रसासारखं लाल झालं. वरून ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडत गेले. दहा मिलिलिटर झाले, रंग तसाच. पंधरा झाले, तसाच. विसाचा आकडा ओलांडल्यावर लाल रंग जांभळट झाला आणि पुढच्या थेंबांना एकदम निळा पडला. या मोजणीत एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम जडपणा. हिशेब लिटरमागे चारशेच्या पुढे गेला, म्हणजे साडेबावीस जर्मन अंशांच्या आसपास. माझ्या यंत्रावर लावलेला आकडा याच्या पावपटही नव्हता. पावसाळ्यात भरपूर पाणी सुटल्यावर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा जडपणा शंभराच्या आत होता. एकाच नळाचं पाणी आणि ऋतू बदलला की चौपटीचा फरक. ज्यांच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्यांच्यासाठी जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या घरी पुरेशा आहेत. मात्र दोनदा मोजा, एकदा सप्टेंबरात आणि एकदा मेमध्ये.

मोजून झाल्यावरही मी घाई केलीच. रविवार होता, डिशवॉशरचं मीठ घरात नव्हतं, टँकर सुरू होते. मी स्वयंपाकघरातलं बारीक मीठ कप्प्यात ओतलं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, हे खरंच आहे. पण खायच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून दुसरे पदार्थ मिसळलेले असतात, आयोडीन असतं, आणि दाणा इतका बारीक की पाण्यात त्याचा घट्ट गोळा बसतो. बाजारातलं खडेमीठही चालत नाही, कारण त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम थोडंफार उरलेलं असतं. ज्या गोष्टी मण्यांवरून काढायच्या त्याच आपण पुन्हा आत घालतो. आठवडाभराने यंत्र पाणी भरताना अडखळायला लागलं. दुरुस्तीला आलेल्या दादांनी झाकण फिरवलं, टॉर्च मारला आणि विचारलं, “घरातलं मीठ टाकलं का?” मी हो म्हणाले. त्यांनी काही न बोलता कप्पा उपसला. चमच्याने खरवडून तो पांढरा गोळा काढताना मी शेजारी वाडगं धरून उभी होते. रेझिन वाचलं. नसतं वाचलं तर पाणी मऊ करणारा पूर्ण सॉफ्टनर बदलावा लागला असता, आणि वापरणाऱ्याच्या चुकीला वॉरंटी लागू होत नाही. तेही रास्तच आहे.

त्यांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या. मीठ भरलं की लगेच एक खेप चालवायची, कारण बाहेर सांडलेलं मिठाचं पाणी स्टीलवर तसंच राहिलं तर गंज धरतो. आणि ग्लासावरचा पांढरेपणा नक्की कसला आहे ते लिंबाने बघायचं. लिंबाची फोड घासली आणि काच स्वच्छ झाली तर तो क्षार. नाही झाली तर काच स्वतःच झिजली आहे, आणि ती परत येत नाही. पावसाळ्यानंतर मी घरी आल्यागेल्यासाठी ठेवलेले सहाही ग्लास लिंबाने घासले. चार उजळले. दोन नाही उजळले. ते माझ्या वाढीव पावडरीचे बळी. पावसाळ्यात पाणी मऊ झालं तरी मी उन्हाळ्यातलं प्रमाण चालूच ठेवलं होतं. मऊ पाणी, जास्त पावडर आणि वर कडक तापमान, हे काचेला सोसत नाही.

गाळणीची गोष्ट लहान आहे पण रोजची आहे. यंत्राच्या तळाला एक जाळीदार नळकांडं असतं, ते फिरवून काढायचं, नळाखाली धरायचं, परत फिरवून बसवायचं. आमच्याकडे ते एकदा नीट फिरवून बसवलं गेलं नाही. त्या फटीतून फोडणीतल्या मोहऱ्या पंपात गेल्या आणि तिथून वरच्या पंख्यात. वरच्या ट्रेमधल्या वाट्या तेलकट निघायला लागल्या आणि मी पुन्हा पावडरीला दोष दिला. पंखा काढून उजेडाकडे धरला तेव्हा भोकाभोकांत काळे दाणे बसलेले दिसले. टूथपिकने ते काढले, पंखा कानाशी धरून हलवला, तर आत अजून खुळखुळत होते. पाणी भरून उलटासुलटा केला तेव्हा मोहऱ्या, एक जिरं आणि नारळाचा धागा बाहेर पडला. मराठी स्वयंपाकात गाळणी एक दिवसाआड बघावीच लागते. फोडणीचं घर आहे हे.

विसळण्याबद्दलही मी चुकले. पहिले कित्येक महिने मी प्रत्येक ताट नळाखाली स्वच्छ करून मगच आत ठेवत होते. टँकरचं विकतचं पाणी वाहात होतं आणि आत यंत्र धुतलेलीच भांडी धूत होतं. या पावडरींमध्ये एन्झाइम्स असतात, भाताची पेज तोडणारी वेगळी आणि दूध-डाळीची प्रथिनं तोडणारी वेगळी. त्यांना काम करायला खरकटं लागतं. हाडं, कढीपत्ता, चिंचेचा चोथा, उरलेला घास एवढं झटकून टाकायचं आणि ठेवून द्यायचं. किफायतशीर कार्यक्रमाला साधारण दहा लिटर पाणी लागतं. वेळ तीन-साडेतीन तास जातो, कारण तो कमी तापमानावर एन्झाइम्सना वेळ देतो. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा, म्हणून मी घाईचा छोटा कार्यक्रम लावायचे आणि तुपाचा थर नळीत साचू द्यायचे. आता रात्री किफायतशीर लावते, आणि तळण झालं की कढईसाठी 65-70 अंशांचा.

सगळ्यात वाईट नुकसान झालं ते सासूबाईंच्या सासूच्या पितळी पातेल्याचं. आतून कल्हई केलेलं, जड बुडाचं. खीर त्यातच व्हायची. एका संकष्टीला मोदकांची गडबड होती आणि मी ते बाकीच्या भांड्यांबरोबर आत ढकललं. बाहेर आलं ते काळपट गुलाबी होऊन, आणि आतली कल्हई ठिकठिकाणी निष्प्रभ झालेली. पावडर अल्कधर्मी असते. कथील आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, गरम पाण्यात आणखी लवकर. अ‍ॅल्युमिनियमचंही तेच, म्हणून जुना कुकर आतून काळा होतो. लोखंडी तव्यावर वर्षानुवर्षं बसलेला तेलाचा थर एका खेपेत जातो आणि सकाळी तवा गंजलेला मिळतो. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. पातेलं पुसून त्यांनी आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. नंतर मी ते कसबा पेठेतल्या तांबट आळीत घेऊन गेले आणि विचारत विचारत कल्हई करणारे शोधले. त्यांनी पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदी अशी काही भरभर फिरवली की बुडापासून काठापर्यंत पातेलं एका दमात उजळलं. ते पातेलं आता हातानेच घासतात.

‘घासतात’ म्हटलं, म्हणून आता मावशींबद्दल सांगायला हवं. याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आमच्याकडे मावशी केर-फरशी आणि भांडी अशी दोन कामं करत होत्या, दोन्हींचे पैसे वेगळे. यंत्र आल्यावर मी त्यांना महिन्याच्या मध्यावर सांगितलं, “उद्यापासून भांडी नकोत.” त्या “बरं ताई” म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात किती मोठी फट पडली, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पुण्यात 1980 साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. 2008 साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. हे सगळं मला वाचून माहीत होतं. स्टाफरूममध्ये यावर मी तावातावाने बोललेही आहे. आणि घरात एका वाक्यात मी कुणाचं निम्मं काम काढून घेतलं, आगाऊ सूचना न देता, भरपाई न देता.

यंत्र मिठाने अडकलं तेव्हा मी त्यांनाच फोन केला. भांड्यांच्या वेळेला त्यांनी दुसऱ्या इमारतीत काम धरलं होतं. तरी त्या संध्याकाळी आल्या, साचलेली भांडी घासली. मी पैसे पुढे केले तेव्हा म्हणाल्या, “ताई, आधी सांगायचं ना. मी महिनाभर तरी बघितलं असतं दुसरीकडे.” मी माफी मागितली. त्या महिन्याचे कापलेले पैसेही दिले, उशिरा का होईना.

त्यानंतर आम्ही नीट बसून ठरवलं. त्यांच्या नव्या कामाची वेळ सांभाळून भांड्यांचं काम पुन्हा त्यांच्याकडे गेलं, पूर्वीच्याच पगारावर. आता त्या यंत्र भरतात, रिकामं करतात, गाळणी धुतात, मिठाचा दिवा बघतात, आणि पितळ, तवा, लाकडी पोळपाट हाताने करतात. यंत्र घरात आलं म्हणजे काम संपत नाही, त्याचा प्रकार बदलतो, आणि ते कुणीतरी करावंच लागतं. आमच्याकडे ते मावशी माझ्यापेक्षा नेटकं करतात. वाट्या उपड्या पण किंचित तिरक्या ठेवायच्या म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी साचत नाही, हे मला त्यांनी दाखवलं. कुठल्याही पुस्तकात मी ते वाचलं नव्हतं.

या यंत्राची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी 1886 साली डिशवॉशरचं पेटंट घेतलं, ते घासताना त्यांची चिनी मातीची भांडी टवके उडून फुटत होती म्हणून. 1893च्या शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची यंत्रं चालली, हॉटेलांनी ती विकत घेतली. घरांत मात्र ती फारशी गेली नाहीत, कारण तेवढं गरम पाणीच घरोघरी नव्हतं. तेव्हाही गाडी पाण्यापाशीच अडली होती.

या उन्हाळ्याआधी मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला. एकदोघांचं म्हणणं होतं की पूर्ण इमारतीला मोठा सॉफ्टनर बसवावा. मी विरोध केला. रोज पोतंभर मीठ गटारातून मुळा-मुठेत सोडायचं, तेही फ्लश आणि बागेच्या पाण्यासाठी, हे मला पटत नाही. माझी मागणी लहान होती. टाकीत आज कुठलं पाणी आहे ते गेटजवळच्या फळ्यावर लिहावं, आणि टँकर आला की पट्टीने जडपणा मोजून आकडा खाली टाकावा. पट्ट्या मी आणून दिल्या. सचिवांनी होकार दिला, पंपवाल्या काकांनी दोनदा मोजून दाखवलं, आणि आता सकाळी कॉलेजला निघताना फळ्यावर ‘बोअर + टँकर, 350’ असं दिसलं की मी मावशींना फोन करते. त्या यंत्राचा आकडा वर चढवतात.